झाडाबरोबर मरणारी देवता



आमच्या सीमाभागातील गावांची जुनी नावे नीट ऐकली, तर त्यांत झाडे सापडतात. बेळगावचे प्राचीन नाव वेणुग्राम. वेणू म्हणजे वेळू, बांबू. किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ साली उभी राहिली, तेव्हा हे वेणुग्राम रट्ट राजांच्या अमलाखाली होते. खानापूर तालुक्यातील हलशी ही पूर्वीची पलाशिका, म्हणजे पळसाचे गाव. या पलाशिकेवर ज्यांनी राज्य केले त्या कदंबांचे तर नावच वृक्षाचे. शिमोगा जिल्ह्यातील तालगुंद येथे पाचव्या शतकातील एक स्तंभलेख आहे. या घराण्याच्या पूर्वजांच्या घराजवळ कदंबाचे एक झाड होते, त्याची ते निगा राखीत, म्हणून त्यांना हे नाव पडले, असे त्यात सांगितले आहे. पुढे गोव्याच्या कदंबांनी ही कथा आणखी उंच नेली. शंकराच्या कपाळावरील घामाचा थेंब कदंबाच्या मुळाशी पडला आणि त्यातून आपला मूळपुरुष जन्मला, असे ते सांगू लागले.

राजाने आपले कूळ सूर्यापासून किंवा चंद्रापासून सांगितले, तर आपल्याला नवल वाटत नाही. परंतु एक राजवंश आपले कूळ दारातल्या झाडापासून सांगतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. झाड म्हणजे केवळ लाकूड नव्हे, त्यात कोणी तरी वस्ती करून आहे, ही समजूत त्यामागे आहे. ही समजूत एकट्या आपल्या देशाची नाही. हजारो कोस दूर, ग्रीकांच्या देशातही ती होती, आणि तिला त्यांनी फार हृद्य रूप दिले होते. ग्रीकांच्या त्या वृक्षदेवता आणि आपल्या डोंगरातील देवराया यांच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ग्रीक लोक झाडात राहणाऱ्या देवतेला ड्रायड म्हणत. ‘द्रूस’ हा त्यांचा शब्द ओक वृक्षासाठी होता. आपल्या संस्कृतातील ‘दारु’ आणि ‘द्रुम’ हे शब्द त्याचेच नातलग होत. देवदार म्हणताना आपण जो शब्द उच्चारतो, त्याचाच एक भाऊ ग्रीसच्या अरण्यात नांदत होता. झऱ्यांत राहणाऱ्या देवता निराळ्या, डोंगरावरच्या निराळ्या; आणि या सर्व वनकन्यांना मिळून निंफ असे नाव होते. त्यांच्यात एक वर्ग हॅमाड्रायड नावाचा होता. ‘हॅमा’ म्हणजे सोबत. जी झाडासोबत जन्मते आणि झाडासोबतच मरते, ती हॅमाड्रायड.

ॲफ्रोडायटी देवीला उद्देशून रचलेल्या एका प्राचीन स्तोत्रात या वनकन्यांचे वर्णन येते. त्या ना पुरत्या मर्त्य, ना पुरत्या अमर. त्या जन्मतात तेव्हा त्यांच्याबरोबर डोंगरावर देवदाराचे किंवा ओकाचे झाड उगवते. माणूस त्या झाडांना लोखंड लावीत नाही. पुढे मरणाची घटका जवळ आली की आधी झाड वाळू लागते, साल सुकते, फांद्या गळतात; आणि झाडाचा व त्या देवतेचा प्राण एकाच वेळी हे जग सोडून जातो. हेसिअडच्या नावावरचा एक हिशेब प्लुटार्कने नोंदविला आहे. माणसाच्या नऊ पिढ्यांइतके कावळ्याचे आयुष्य, त्याच्या चौपट हरणाचे, त्याच्या तिप्पट डोमकावळ्याचे, त्याच्या नऊपट फिनिक्स पक्ष्याचे, आणि त्याच्या दसपट या वनकन्यांचे. गुणाकार केला तर ९,७२० पिढ्या होतात. आयुष्य एवढे दीर्घ. पण अमरत्व मात्र नाही. एका कुऱ्हाडीने ते संपू शकते.

जाता जाता एक गमतीची गोष्ट सांगतो. निसर्गशास्त्रज्ञांनी हे हॅमाड्रायड नाव आपल्याकडील नागराजाला दिले होते. खानापूरपासून दक्षिणेकडे पसरलेल्या घनदाट रानातला हा सर्प. २०२४ साली शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील नागराज ही स्वतंत्र जात ठरविली आणि तिला कन्नडमधील काळिंग हे नाव दिले. ग्रीक वनदेवतेचे नाव सह्याद्रीच्या नागाला मिळावे, आणि आपल्या देवराईत राखणदार म्हणून नागाचाच पाषाण असावा, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो.

आता या देवतांच्या कथांपैकी एक कथा ऐका. थेसली प्रांतात ट्रायोपस राजाचा पुत्र एरिसिक्थॉन राहत होता. धान्याची देवी डिमीटर हिची तेथे एक पवित्र राई होती. कॅलिमाकस नावाच्या कवीने सांगितल्याप्रमाणे, या राजपुत्राला आपल्या मेजवान्यांसाठी दिवाणखाना बांधावयाचा होता आणि त्याला लाकूड हवे होते. वीस नोकर घेऊन तो राईत शिरला. देवीने पुजारिणीचे रूप घेऊन त्याला समजावले. त्याने तिलाच कुऱ्हाड दाखविली. रोमन कवी ओव्हिड ही कथा थोडी वेगळी सांगतो. तेथे एक प्रचंड ओक आहे. त्यावर नवस फेडणाऱ्यांचे हार आणि पाट्या टांगल्या आहेत, आणि त्याच्याभोवती वनकन्या फेर धरून नाचत असतात. कुऱ्हाड उगारताच झाड हुंदका देते, त्याची पाने फिकी पडतात आणि खोडातून रक्त वाहते. एक माणूस हात आडवा घालतो, तर एरिसिक्थॉन त्याचाच शिरच्छेद करतो. मग झाडाच्या आतून आवाज येतो: मी येथे राहणारी देवता मरते आहे, पण तुझी शिक्षा जवळ आली आहे.

ती शिक्षा कोणती? वीज नव्हे, रोग नव्हे. देवीने त्याच्या पोटात भूक पाठविली. तो खाऊ लागला आणि भूक वाढू लागली. घरदार खाऊन झाले, पोटची मुलगी विकून झाली, तरी भूक भागेना. शेवटी त्याने आपलेच अवयव तोडून खाल्ले. ज्याने राई खाल्ली त्याला शेवटी स्वतःला खावे लागले, हा त्या कथेचा अर्थ उघड आहे. वर्गात ही कथा सांगितली की मुले प्रथम हसतात आणि मग गप्प होतात.

आपल्याकडे वळलो, तर आपल्या प्राचीन वाङ्मयातही ही वस्ती दिसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अरण्यानीचे, म्हणजे वनाच्या अधिष्ठात्रीचे सूक्त आहे. अथर्ववेदात अप्सरांचे निवासस्थान म्हणून पिंपळ आणि वड यांचा उल्लेख येतो. कालिदासाच्या शाकुंतलात कण्व मुनी मुलीला निरोप देण्यापूर्वी तपोवनातील झाडांची अनुज्ञा मागतात, आणि वनदेवता तिला वस्त्रे व अलंकार देतात. बौद्धांच्या विनय ग्रंथातील हकिगत तर ग्रीक कथेच्या शेजारी ठेवावी अशी आहे. आळवी येथे एक भिक्षू झाड तोडीत होता. त्या झाडात राहणाऱ्या देवतेने त्याला विनविले की माझे घर पाडू नकोस. भिक्षूने ऐकले नाही, आणि कुऱ्हाडीचा घाव देवतेच्या बाळाच्या हातावर बसला. भिक्षूला तेथेच ठार करावे असे तिच्या मनात आले. परंतु तिने राग आवरला आणि ती बुद्धांकडे गेली. बुद्धांनी तिच्या संयमाची प्रशंसा केली, तिला दुसरे मोकळे झाड राहावयास दाखविले, आणि भिक्षूंनी झाडेझुडपे तोडू नयेत असा नियम घालून दिला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. ग्रीक देवता झाडाबरोबर मरते. आपली देवता बेघर होते. ग्रीक मनाने झाडाकडे पाहिले आणि त्याला मरणाची कणव आली. आपल्या मनाने झाडाकडे पाहिले आणि विचारले, हे घर कोणाचे, आणि त्याची परवानगी घेतली का? मला वाटते, आपल्या देवराईचे सारे शास्त्र या एका प्रश्नात सामावले आहे.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. खानापूरचा पश्चिम भाग, चंदगड, आजरा, भुदरगड, आंबोली आणि घाटाखाली सिंधुदुर्ग व गोव्यातील सत्तरी, हा सारा तिचा मुलूख. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि या मुलखातून सरकारी सीमारेषा गेली. मराठीत जिला देवराई म्हणतात तिला कानडीत देवरकाडू म्हणतात, एवढाच फरक. रानाला सीमा ठाऊक नाही. माउली, सातेरी, वेताळ, रवळनाथ, म्हसोबा असे कोणी तरी दैवत तेथे असते. कित्येकदा मूर्ती नसतेच. एखादे वारूळ किंवा शेंदूर फासलेला धोंडा असतो. पाण्याच्या काठी साती आसरा असतात. हा आसरा शब्द अप्सरा या शब्दापासून आलेला आहे, आणि ग्रीकांच्या झऱ्यातील देवतांची बहीण शोधावयाची, तर ती येथे ओढ्याच्या काठी सात गोट्यांच्या रूपात बसलेली आहे.

राईतले झाड तोडावयाचे झाल्यास देवाला गाऱ्हाणे घालावयाचे आणि कौल लावावयाचा, अशी रीत. पाषाणावर पाकळ्या किंवा कळ्या चिकटवितात. उजवी पडली तर संमती, डावी पडली तर नकार. कित्येक रायांत वाळकी काटकी उचलण्यासही बंदी असे. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला आत जाऊ नये, असे म्हातारी माणसे बजावीत. ग्रीक धनगरही भर दुपारी पावा वाजवीत नसत. कारण त्या वेळी शेळीच्या पायांचा वनदेव पॅन झोपलेला असतो आणि तो तापट आहे, अशी त्यांची समजूत होती. इंग्रजीत अकारण पसरणाऱ्या घबराटीला पॅनिक म्हणतात, तो शब्द या पॅनच्याच नावावरून आला आहे.

राईपुरतेच हे नाते नव्हते. मराठी घराण्यांत लग्नाच्या आधी देवक बसवितात. कोणाचे देवक कळंब, कोणाचे उंबर, कोणाचे पंचपल्लव. ज्या झाडाचे देवक, ते झाड त्या कुळाने तोडू नये, जाळू नये, असा दंडक होता. हे कळंब म्हणजे कदंबच. तालगुंदच्या स्तंभावरील घराजवळचे झाड असे लग्नमंडपापर्यंत चालत आले आहे.

या श्रद्धेने काय साधले? १९७० च्या दशकात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवराया हिंडून पाहिल्या आणि त्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असता या रायांत जुन्या अरण्याचा अवशेष शिल्लक होता: माणसाच्या मांडीएवढे गारंबीचे वेल, उंच सातवीण, जांभूळ, हिरडा, अंजनी. आणखी एक गोष्ट सर्वांना दिसते. पुष्कळ देवराया झऱ्याच्या किंवा ओढ्याच्या उगमाशी आहेत. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीस माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला मिळण्यास जाते. त्याच डोंगराळ रानात उगम पावून म्हादई पश्चिमेकडे गोव्यात उतरते. हिरण्यकेशी आंबोलीच्या रानातील देवस्थानाजवळ निघून संकेश्वरकडे येते. भुदरगडच्या डोंगरातून निघालेली वेदगंगा निपाणीजवळून वाहते. निपाणी हे तंबाखूचे गाव. तेथे रान कोठले, असे कोणी म्हणेल. परंतु निपाणीच्या तंबाखूची विडी होते ती टेंभुर्णीच्या पानात, आणि ते पान रानातूनच यावे लागते. मैदानातल्या माणसाचे पाणी आणि पान दोन्ही डोंगरातून येतात.

येथे मला एका अवघड गोष्टीविषयी बोलले पाहिजे. मी कॅथलिक घरात वाढलेला माणूस आहे. आमच्या धर्माचा आणि पवित्र झाडांचा इतिहास सरळ नाही. आठव्या शतकात, सुमारे ७२३ साली, संत बोनिफेस यांनी जर्मनीतील गाइस्मार येथे लोकांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या देवाचा ओक तोडला आणि त्याच्या लाकडाचे प्रार्थनामंदिर बांधले. गोव्यात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. प्लुटार्कने आणखी एक कथा लिहून ठेवली आहे. टायबीरियस बादशहाच्या काळात एक गलबत पॅक्सी बेटाजवळून चालले असता किनाऱ्यावरून आवाज आला की महान पॅन मेला, असे पुढे जाऊन सांगा. तांडेलाने पुढच्या किनाऱ्याजवळ ते ओरडून सांगितले, तेव्हा तेथून अनेकांच्या आक्रोशाचा आवाज उठला. युसीबियस या ख्रिस्ती इतिहासकाराने या कथेत आमच्या धर्माचा विजय पाहिला. कारण तो काळ प्रभू येशूचा होता.

परंतु याच परंपरेत दुसरा आवाजही आहे. ६०१ साली पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस यांना पत्र लिहिले. लोकांची मंदिरे पाडू नका. त्यांना तेथेच जमू द्या आणि सणाच्या दिवशी झाडांच्या फांद्यांचे मांडव घालू द्या, असे त्यात सांगितले होते. आम्ही झावळ्यांच्या रविवारी हातात पाने घेऊन चर्चमध्ये जातो. ती पाने घरी नेऊन भिंतीवर खोचतो आणि वर्षभर टाकून देत नाही. त्या पानाला देव कोणी मानीत नाही, पण ते कोणी पायाखालीही येऊ देत नाही. झाडापुढे नतमस्तक न होताही झाडाचा मान राखता येतो, हे मी तेथे शिकलो.

श्रद्धेनेच झाडे वाचली, असे म्हणून थांबणे सोपे आहे. पण ते पूर्ण सत्य नाही. ग्रीकांना केवळ वनकन्यांवर विसंबून भागले नाही. अथेन्सच्या मुलखात अपोलोच्या एका राईचा चौथ्या ख्रिस्तपूर्व शतकातील शिलालेख सापडला आहे. राईतील लाकूड नेणारा गुलाम असेल तर ५० फटके, आणि स्वतंत्र नागरिक असेल तर ५० द्राख्मा दंड, असे त्यात फर्माविले आहे. म्हणजे देवतेचा धाक पुरत नव्हता, म्हणून कायदा करावा लागला. तरीही डोंगर उघडे पडलेच. क्रिटियस या संवादात प्लेटो सांगतो की पूर्वी अ‍ॅटिकाचे डोंगर झाडांनी झाकलेले होते, आता रोगाने खंगलेल्या शरीराची हाडे दिसावीत तशी जमीन उरली आहे. पावसाचे पाणी मातीत न मुरता समुद्राला मिळते आहे. ओकात देवता राहते असे सांगणाऱ्या लोकांच्याच देशात हे घडले. घरांना आणि जहाजांना लाकूड लागले, तेव्हा देवतेची आठवण राहिली नाही.

आपल्या देवरायांचे तेच होत आहे, आणि त्यातला सर्वांत दुःखाचा प्रकार असा की कित्येक ठिकाणी कुऱ्हाड देवाच्याच नावाने चालली. जुन्या कौलारू किंवा उघड्या देवस्थानाच्या जागी सिमेंटचा सभामंडप बांधावयाचा. त्यासाठी पैसा हवा. पैशासाठी राईतील झाडे विकावयाची. एरिसिक्थॉनने मेजवानीच्या दिवाणखान्यासाठी राई तोडली. आपण देवासाठी देवाचे घर मोडले. ज्या गावांत कौल अजून लागतो, तेथेही पाकळी आता ठेकेदाराच्या बाजूने पडते की काय, अशी शंका येते. हे गावकरी दुष्ट नसतात. देवाला चांगले घर असावे, हीच त्यांची भावना असते. पण देव त्या रानातच राहत होता, एवढे ते विसरलेले असतात.

बाकीच्यांनीही आरशात पाहावे. पुणे–बेंगळूर रस्ता रुंद झाला तेव्हा निपाणी आणि बेळगावच्या दरम्यान रस्त्याकडेचे मोठमोठे वड गेले. मी तेव्हा तरुण होतो. त्या सावलीतून लहानपणी एस. टी. ने गेलेला मी, पुढे कित्येक दिवस त्या उघड्या रस्त्याने जाताना खिडकीबाहेर बघत नसे. रस्ता हवा होता, हे मलाही मान्य आहे. त्याच रस्त्याने मी आजही जातो. पण कोणी कोणाला विचारले नाही, गाऱ्हाणे घातले नाही, आक्रोशही कोणी केला नाही. पॅनच्या मरणावर निदान किनारा तरी रडला होता.

आता भीती परत आणता येणार नाही, आणि ती आणूही नये. झाड तोडल्यास हात वाळेल, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगू शकत नाही. ते खोटे आहे आणि मुलांना ते कळते. कायदा आहे. २०११ साली खानापूरचे भीमगड रान अभयारण्य म्हणून राखले गेले, ही मोठी गोष्ट होय. पण कायदा मोठ्या रानाला पुरतो; गावाच्या वेशीवरच्या एक-दोन एकरांच्या राईला तिचे गावच पुरे पडले पाहिजे. श्रद्धेतली भीती वजा केली, तरी तिच्यातली एक सवय उरते. ती म्हणजे कुऱ्हाड उचलण्यापूर्वी थांबून विचारण्याची सवय. कौल म्हणजे दुसरे काय होते? सारे गाव जमावयाचे, प्रश्न मोठ्याने विचारावयाचा, आणि नकार आला तर तो ऐकून घरी जावयाचे. हे आपण ग्रामसभेतही करू शकतो. या झऱ्याचे पाणी कोण पितो, हे झाड गेले तर काय काय जाईल, एवढे दोन प्रश्न जरी विचारले, तरी पुष्कळ कुऱ्हाडी परत खांद्यावर जातील.

एकदा वर्गात हॅमाड्रायडची गोष्ट सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, झाडाबरोबर ती मरते, मग झाड लावलं की ती जन्मते का?” ग्रीक स्तोत्राप्रमाणे उत्तर होय असेच आहे, आणि मी तिला तसे सांगितले. पण पुढे एवढेही सांगावे लागले की लावलेले रोप वर्षभरात मरू दिले, तर तीही वर्षाचीच होऊन मरते. आणि एक झाड म्हणजे राई नव्हे, राईला तुझ्या पणतीच्या पणतीपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून जी राई आज उभी आहे, तिला हात लावण्याआधी आपण सर्वांनी एकदा थांबावे. वेणुग्राम, पलाशिका आणि कदंब ही नावे आपल्याला पूर्वजांनी दिली. त्या नावांची झाडे आपल्या नातवंडांना दाखविता यावीत, एवढी तजवीज आपल्या हातून व्हावी.